राजाचा खजिना आणि आपली संदूक

मैत्रिणींनो, दिवाळी होऊन गेली, धानाची कापणी आटोपत आली आणि आमच्या ब्रह्मपुरीच्या आसपास आता मंडईचे दिवस सुरू झाले. गावोगावी लेकीबाळी, जावई, पाहुणे, रात्री नाटकं आणि दिवसा घरोघरी नुसती आवराआवर. अशाच एका दुपारी शेजारची सून लगबगीनं माझ्याकडे आली. हात पिठाचे, पदर खोचलेला.

"काकू, जरा घरी येता का जी? भांडेवाला काटा घेऊनच बसला आहे अंगणात. देऊ की ठेवू, काही सुचत नाही मला."

गेले. अंगणात पितळेचा ढीग पडला होता. दोन गुंड, तीन गंज, भलामोठा कोपर, घंगाळ, समई, अडकित्ता, पानाचा डबा, धान मोजायची पायली. तिच्या सासूबाई श्रावणात गेल्या. सुना तिघी. थोरली पुण्याला, मधली नागपूरला आणि ही धाकटी इथे. थोरल्या दोघींनी फोनवर सांगून टाकलं होतं की फ्लॅटमध्ये हे ठेवायचं कुठे? मोडीत दे आणि येतील त्या पैशांचे तीन वाटे कर. यात त्यांचं तरी काय चुकलं? आजकाल गुंडभर पाणी कुणाला लागतं? नळ आहे, फिल्टर आहे.

मी पायली हातात घेतली. आतून गुळगुळीत झालेली. कडेला बारीक टिंबांनी ठोकून काढलेली अक्षरं. सासूबाईंच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव आणि साल. म्हणजे लग्नात आलेली. माझ्या पोटात एकदम कालवलं. कारण अशीच एक पायली मी स्वतःच्या हातानं मोडीत दिली आहे. वीस-बावीस वर्षं झाली. माझ्या सासूबाई गेल्या, घर आवरायला काढलं आणि तीन किलो पितळेत मी एक प्रेशर कुकर आणला. तिच्यावरही नाव होतं. ते मी भांडेवाल्याला तर सोडाच, माझ्या मुलीलाही वाचून दाखवलं नाही. आता मुलगी विचारते, "आई, आजीचं माहेर नक्की कुठलं गं? तिच्या वडिलांचं नाव काय?" मला नाव आठवतं, पण गाव आठवत नाही. ते गाव त्या पायलीवर होतं. कुकरही केव्हाच भंगारात गेला.

भांडेवाल्याला मी म्हटलं, "बाबा, उद्या ये." आणि त्या सुनेला घेऊन ओट्यावर बसले. तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. गोष्ट राजेरजवाड्यांची आहे, पण ती आपल्या संदुकीपाशी येऊन पोचते. जरा धीर धरा.

नागपूरच्या वाड्यातला लिलाव

आपला हा सगळा मुलूख एकेकाळी चांद्याच्या गोंड राजांचा. 1751 साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. पुढे शंभर वर्षं भोसल्यांचं राज्य. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नाही. डलहौसी साहेबांनी दत्तक मानला नाही आणि 1854 साली राज्य खालसा केलं. हे आपण शाळेत शिकलो. पण शाळेच्या पुस्तकात पुढची गोष्ट फारशी नसते. ती बायकांची गोष्ट आहे.

राज्य गेलं ते गेलं, पण पाठोपाठ वाड्यातल्या चीजवस्तूंवर हात पडला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. वाड्यात तेव्हा राण्याच उरलेल्या. त्यांत सगळ्यात वडील बाकाबाई, दुसऱ्या रघूजींच्या पत्नी. वय झालेलं, नवरा जाऊन पस्तीसहून जास्त वर्षं उलटलेली. त्या म्हातारीनं निरोप धाडला की वाड्यातलं सामानसुमान हलवाल, तर मी वाड्यालाच आग लावीन! इंग्रजांनीच लिहिलेल्या इतिहासात ही हकिकत नोंदलेली आहे.

विचार करा, राज्य गेलं तेव्हा नव्हे, तर घरातलं सामान उचलायला माणसं आली तेव्हा तिनं आगीची भाषा केली. आपण बायका हे चटकन समजू शकतो. घरातली वस्तू म्हणजे नुसता धातू नसतो. कोण कुठून आलं, कुणी कुणाला काय दिलं, कुणाच्या बारशाला काय आलं, याचा हिशेब त्या वस्तूंमध्ये असतो. काट्यावर घातली की वजन तेवढं उरतं, हिशेब पुसला जातो.

भोसल्यांचं जे गेलं ते असं पांगलं. मात्र त्यातली एक गोष्ट ऐका. 2025 सालच्या एप्रिल महिन्यात लंडनला सोथबीच्या लिलावात एक तलवार निघाली. परदेशी बनावटीचं सरळ पातं, आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव. श्रीमंत राघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष पहिले रघूजी. महाराष्ट्र सरकारनं सत्तेचाळीस लाखांच्या वर रुपये मोजून ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. पेपरात फोटो आले, टीव्हीवर दाखवली, मिरवणूक काढली.

मला त्यात एकाच गोष्टीचं नवल वाटलं. जगात जुन्या तलवारी काय थोड्या आहेत? पण ही कुणाची हे सगळ्यांना ठामपणे सांगता आलं, कारण तिच्यावर नाव होतं. नाव होतं म्हणून ती घरी आली. आणि आपल्या अंगणातल्या पायलीवरही नावच होतं!

राजे जमवत होते, पण कुणासाठी?

राजे लोक वस्तू जमवतात हे जगभर चालत आलेलं आहे. चित्रं, मूर्ती, हस्तिदंत, हत्यारं, जरीवस्त्रं. कुणी आवडीनं जमवतो, कुणी डौल दाखवायला, कुणाला दुसऱ्या राजाकडून नजराणा येतो, तर कुणी लढाईतून लुटून आणतो. पण ते सगळं वाड्यात, पहाऱ्यात. पाहायचं राजानं, त्याच्या पाहुण्यांनी आणि फार तर झाडलोट करणाऱ्या नोकरांनी. ज्या रयतेच्या साऱ्यातून ते आलं, तिनं ते बघायचं नाही.

आपल्या घरातही हा प्रकार असतोच की! काचेच्या कपाटातला तो चांगला कपबशांचा सेट आठवा. पाहुण्यांसाठी. घरच्यांनी हात लावायचा नाही. पाहुणेही असे तसे चालत नाहीत. शेवटी तो सेट कुणालाच न लागता कपाटात म्हातारा होतो.

आज जगातलं सगळ्यात नावाजलेलं संग्रहालय म्हणजे पॅरिसचं लूव्र. ते फ्रान्सच्या राजांच्या जुन्या वाड्यात आहे, आणि सुरुवातीचा मोठा संग्रहही राजांचाच. पण तो रयतेला दिसायला काय घडावं लागलं पाहा. क्रांती झाली, राजा पदच्युत झाला. 1793 च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी 10 ऑगस्टला लूव्रचे दरवाजे सर्वांसाठी उघडले. त्या दिवशी आत 537 चित्रं मांडलेली होती. भाजीवाली, धोबीण, शिपाई, कुणीही यावं आणि राजाचं चित्र बघावं. तिथे दार उघडायला राजाचं डोकं द्यावं लागलं.

आपल्या महाराष्ट्रात मात्र एका राजानं स्वतःच्या हातानं दार उघडलं. त्यांची गोष्ट मला फार आवडते.

औंधचे बाळासाहेब

सातारा जिल्ह्यात औंध नावाचं गाव आहे. तिथे यमाई देवीचा डोंगर आहे. औंध हे लहानसं संस्थान, अवघ्या बहात्तर गावांचं. राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 1868 चा, गादीवर बसले 1909 साली. तुम्ही सूर्यनमस्कार घालत असाल किंवा मुलांना घालायला लावत असाल, तर त्यांचं नाव ऐकलंच असेल. सूर्यनमस्काराचा गावोगावी प्रसार करणारे तेच. स्वतः बी. ए. झालेले, उत्तम कीर्तन करायचे आणि चित्रंही काढायचे. त्यांनी 1916 साली चित्ररामायण प्रसिद्ध केलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची शुद्ध प्रत तयार करण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा या छोट्या राजानं एक लाख रुपये देण्याचं कबूल केलं. त्या काळचे एक लाख, मैत्रिणींनो!

या राजाला चित्रांचा नाद. राजा रविवर्म्यांची चित्रं त्यांनी घेतली, धुरंधरांकडून शिवचरित्रातले प्रसंग काढून घेतले. अजिंठ्याला चित्रकार नेऊन तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करवल्या. हस्तिदंताचं, चंदनाचं कोरीव काम जमवलं. परदेशी चित्रं आणि पुतळे आणले. हेन्री मूर हे इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार. त्यांची दगडात घडवलेली एक लहानशी 'आई आणि मूल' औंधला आहे. मोठमोठ्या शहरांत नाही, ती औंधसारख्या गावात! कडेवर मूल घेऊन आलेली शेतकरीण तिच्यासमोर उभी राहिली तर तिला काय समजावून सांगावं लागणार आहे?

एवढं जमवून बाळासाहेबांनी काय केलं? ते वाड्यात कोंडून ठेवलं नाही. यमाईच्या डोंगरावर खास इमारत बांधली. चित्रांवर ऊन थेट पडू नये पण उजेड तर हवा, म्हणून वरून उजेड येईल अशी रचना केली. आणि 1938 साली तिथे श्री भवानी संग्रहालय सुरू झालं. देवीच्या दर्शनाला येणारी माणसं वाटेतच चित्रं पाहू लागली. त्यांना वेगळं निमंत्रण नको, ओळख नको, चांगले कपडे नकोत.

आता खरी गंमत पुढेच आहे. याच सुमारास बाळासाहेबांनी आणखी एक दार उघडलं. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलंडचे गृहस्थ आपल्या इकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि औंधच्या राज्यकारभाराचा नवा आराखडा घेऊन आले. 1939 च्या जानेवारीत बाळासाहेबांनी तो अंमलात आणला आणि सत्ता रयतेच्या हाती दिली. गावपंचायतींचा कारभार सुरू झाला. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती! कुणी क्रांती केली नव्हती की तलवार उपसली नव्हती.

मला वाटतं ही दोन कामं वेगळी नव्हेतच. आपल्याजवळ जे आहे ते आपल्याला सांभाळायला दिलेलं आहे, ते आपलं एकट्याचं नाही, असं ज्याला वाटतं तो राज्यही देतो आणि चित्रंही देतो. 1948 साली औंध संस्थान भारतात विलीन झालं, 1951 साली बाळासाहेब गेले. संग्रहालय मात्र आहे. आज राज्य सरकार ते सांभाळतं.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही याच वाटेचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक गेला आणि राजा झाला. त्यांनी 1894 साली बडोद्यात संग्रहालय उघडलं. शेजारी चित्रांसाठी वेगळी इमारत 1914 साली पुरी झाली, पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि चित्रं युरोपातच अडकून पडली. 1921 साली ती दालनं खुली झाली. तिथे युरोपातली जुनी चित्रंही आहेत आणि इजिप्तची ममीही. बडोद्याच्या राजवाड्यासाठी रविवर्म्यांनी पुराणातले प्रसंग रंगवले. पुढे रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईला छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती घरोघरी पोचल्या. तुमच्या देवघरात कमळात उभी असलेली, चार हातांची, मागे हत्ती असलेली लक्ष्मी आहे ना? तिचं मूळ बहुधा तिथेच सापडेल. राजवाड्यातलं चित्र स्वयंपाकघरापर्यंत आलं ते असं.

राजाच कशाला हवा?

आता तुम्ही म्हणाल, "काकू, ते राजे होते. त्यांच्याकडे पैसा होता, जागा होती." बरं, मग पुण्याचं ऐका. दिनकर केळकर हे कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. घरचा धंदा चष्म्याचा. त्यांना जुन्या वस्तू जमवायचा छंद. त्यांच्या पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं या कामात. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. ते दुःख या दोघांनी वस्तूंमध्ये गुंतवलं आणि त्याच्या नावानं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. 1975 साली वीस हजारांच्या घरातला तो संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला.

आणि तिथे काय पाहायला मिळतं? दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, खिसण्या, विळ्या, कुंकवाचे करंडे, फण्या, पानदानं, शेवया करायचे साचे! आपल्या आज्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तू काचेच्या कपाटात मानानं बसलेल्या आहेत. तुमच्या माझ्यासारख्या बायकांनी ज्या वस्तू 'अडगळ' म्हणून बाहेर काढल्या, त्याच केळकरांनी दारोदार हिंडून गोळा केल्या. तिकीट काढून आपण आपलीच अडगळ बघायला जातो आणि म्हणतो, "अगंबाई, अशी तर आमच्याकडेही होती!"

होती. हा 'होती' शब्दच वाईट.

ब्रह्मपुरीहून पुणे लांब पडतं. पण नागपूरला तर आपण दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी जातोच. तिथला अजब बंगला 1863 सालचा, म्हणजे भोसल्यांच्या लिलावानंतर नऊच वर्षांनी इंग्रजांनी सुरू केलेला. जुन्या मूर्ती, शिलालेख, नाणी, हत्यारं, आपल्याकडच्या आदिवासींच्या वापरातल्या वस्तू, सगळं तिथे आहे. सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात चार तास घालवतो, त्यातला एक तास मुलांना घेऊन तिकडे द्या. आणि मुलांना नुसतं "चला, चला" करू नका. एखाद्या वस्तूपुढे थांबा आणि विचारा, "हे कोण वापरत असेल रे?" बघा, कशी बोलायला लागतात.

आपल्या घरातली नोंद

आता मुद्द्याचं. संग्रहालयात वस्तू आली की आधी काय करतात? तिला नंबर देतात आणि वहीत नोंद करतात. ही काय आहे, कुणाकडून आली, कुठली, केव्हाची, कशा अवस्थेत आहे. ती नोंद नसेल तर मोठी मोलाची वस्तूही मुकी होते. हे काम करायला राजवाडा लागत नाही. शंभर पानी वही आणि दोन दुपारी पुरतात.

घरातलं सगळं ठेवायचं नाही, हे आधीच सांगते. सगळं ठेवलं तर घर राहणार नाही. दहा वस्तू निवडा. किमती म्हणून निवडू नका, जिच्यामागे गोष्ट आहे ती निवडा. सोनं आपण लॉकरमध्ये ठेवतोच, त्याची काळजी नको. मला म्हणायचंय ते पायली, आजीची नऊवारी, पणजोबांची पोथी, लग्नातला जुना फोटो, बाळाच्या पायातला वाळा याबद्दल. भांड्यावर नाव असेल तर ते मोठ्यानं वाचा आणि तसंच्या तसं वहीत उतरवा. जाड कागदाची चिठ्ठी करून सुती दोऱ्यानं वस्तूला बांधा. घरात कुणी ऐंशीच्या घरातलं माणूस असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. मुलाच्या हातात मोबाईल असतोच. आजीला वस्तू हातात द्या आणि तिचं बोलणं त्यात भरून घ्या. वस्तू हातात आली की म्हातारी माणसं भडाभडा बोलतात, हा माझा अनुभव आहे.

ठेवायचं कसं, तेही सांगते.

पितळ. रोज वापरातलं भांडं चिंचेनं खुशाल घासा. पण नाव कोरलेलं, नक्षीचं जुनं भांडं सारखं सारखं घासलं तर अक्षरं झिजतात. त्याला काथ्या किंवा तारेची घासणी लावू नका. मऊ फडक्यानं कोरडं पुसा, तेवढं पुरे. ओलं ठेवलं की हिरवा गंज धरतो. आणि जुन्या पितळी भांड्यात स्वयंपाक करायची हौस आली तर आधी कल्हई करून घ्या. कल्हईवाचून आंबट पदार्थ त्यात शिजवूही नका आणि ठेवूही नका.

जरीचं लुगडं, शालू. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. दोन-चारदा धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. तीन-चार महिन्यांनी घडी उलगडा आणि वेगळ्या जागी मोडा, नाहीतर घडीवरच कापड विरतं. हवा द्यायची ती सावलीत, कडक उन्हात नाही.

फोटो. जुने काळे-पांढरे फोटो लॅमिनेट करू नका. एकदा केले की परत सुटत नाहीत. मागच्या बाजूला कडेशी मऊ पेन्सिलीनं, न दाबता, नावं लिहा. बॉलपेन नको, शाई पुढे उमटते. भिंतीवर लावायचा असेल तर ओल येणारी भिंत टाळा आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते.

पोथ्या, पत्रं, जुनी कागदपत्रं. आपल्याकडे पाऊस भरपूर आणि वाळवीचा सुळसुळाट. म्हणून पेटी जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नका, लोखंडी स्टुलावर ठेवा. जुनी माणसं पोथी लाल बासनात घट्ट बांधत, ती पद्धत चांगलीच होती. कागद फाटला तर चिकटपट्टी लावू नका. ती पुढे पिवळी होऊन कागदच खाते. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आगेमागे एकदा सगळं उघडून बघा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. वर्षातून एक दिवस संदूक सगळ्यांसमोर उघडा. औंधच्या राजाचं हेच तर शहाणपण. जमवणारे पुष्कळ असतात, दार उघडणारे थोडे. मुलांच्या हातात वस्तू द्या. "पडेल, फुटेल, ठेव ती" म्हणून ओरडू नका. हात लागला तरच माया लागते. माया लागली तरच तुमच्या माघारी कुणी ती वस्तू काट्यावर घालायच्या आधी एकदा थांबेल.

तर मग काय झालं?

दुसऱ्या दिवशी भांडेवाला आला. त्या सुनेनं दोन्ही गुंड, गंज आणि कोपर दिले. बिननावाचे, तळ गेलेले. पैशांचे तीन वाटे केले. पण समई, पानाचा डबा आणि पायली बाजूला काढून ठेवली. संध्याकाळी जावांना फोन लावला आणि तिघींनी मिळून ठरवलं. समई थोरलीकडे, डबा मधलीकडे, पायली इथे धानाच्या घरात. वही मात्र एकच आणि तीही इथेच. त्यात तिघींनी आठवेल ते सांगायचं आणि हिनं लिहायचं.

गंमत म्हणजे फोनवर थोरलीला एकदम आठवलं की ती समई सासूबाईंची नव्हेच, त्यांच्या सासूची! मग मधलीनं आणखी काही सांगितलं. ज्या जावा वर्षभर कामापुरतं बोलत होत्या त्या तासभर फोनवर बोलत बसल्या. मंडईला दोघीही येणार आहेत म्हणे.

माझी पायली काही परत यायची नाही. पण मीही त्या दिवशी वही घातली. पहिल्या पानावर लिहिलं, "सासूबाईंची पायली. पितळी. लग्नात माहेरहून आलेली. कडेला त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि साल. मी मोडीत दिली." खाली माझं नाव घातलं. वस्तू गेली तरी निदान तिची नोंद राहू दे. नावापुढच्या गावाची जागा कोरी सोडली आहे. सासूबाईंची एक मावसबहीण अजून आहे, सिंदेवाहीकडे असते. येत्या रविवारी वही घेऊन तिच्याकडे जायचं ठरवलं आहे.

तुम्हीही संदूक उघडाच. आणि भांड्यावर नाव दिसलं, तर काट्याकडे बघायच्या आधी ते एकदा मोठ्यानं वाचा.